फक्त पाच मिनिटांचा गेम

१ ऑगस्ट २००३, शुक्रवार. सकाळी ७.
नवी वही. म्हणजे माझ्या टायपिंग संस्थेच्या जुन्या हजेरीबुकाची मागची कोरी पानं. रोज लिहिणार.
समोरच्या माडीवर गंगासागरनं सायबर कॅफे उघडला. आठ कॉम्प्युटर, सगळे वायरीनं एकमेकांना जोडलेले. ही बाई माझ्याकडेच टायपिंग शिकली. इंग्रजी, मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा, दुसऱ्या खेपेला पास. आता पाटीवर काय तर म्हणे 'फास्ट इंटरनेट, फास्ट गेम'. परळीत फास्ट हा शब्द तिला कुणी शिकवला? मीच.
सहा महिने टिकेल. लिहून ठेवतो.

४ ऑगस्ट, सोमवार. दुपारी.
मशिनी चौदा. चालू नऊ. विद्यार्थी सात. गेल्या साली एकवीस होते. कमी झाले ते बरं झालं, गर्दीत शिस्त राहत नाही.
भारनियमन बारा ते तीन. थर्मल आमच्या गावात, राख आमच्या नाकात आणि अंधारही आम्हालाच. पण टाइपरायटरला वीज लागत नाही. समोरची माडी काळीठिक्कर. दारात खुर्ची टाकून बराच वेळ पाहत बसलो. प्रसन्न वाटलं.

५ ऑगस्ट.
तिनं जनरेटर आणला. घाणेरडा आवाज.

९ ऑगस्ट, शनिवार. संध्याकाळी ६.
कॅफेत गेलतो. फक्त पाहायला. शत्रूची माहिती असलेली बरी.
आठही खुर्च्या भरलेल्या. कानाला हेडफोन, तोंडं उघडी. गंगासागरनं समजावून सांगितलं. म्हणाली, सर, ह्याला डेथमॅच म्हणतेत, टीम न्हाई, मिशन न्हाई, पाच मिनिटांत ज्यानं जास्त मारले तो जिंकला. मी विचारलं, आणि मेला तर? म्हणाली, मेला तर दोन सेकंदांत दुसऱ्या कोपऱ्यात परत उभा.
म्हणजे मरणाला काही किंमतच नाही. कागद नाही, खोडरबर नाही, चूक धरायला परीक्षक नाही. या पिढीला हेच हवं.
दुसरा एक हळू प्रकार पण आहे. त्यात मेलं की मेलं, बाकीचे खेळतात ते बसून बघायचं. आमच्या समाजाच्या मीटिंगीसारखं. तो कुणी खेळत नाही.
सगळ्यात पुढं कोण असावा? धुळाजी. थर्मलमध्ये कोळशाच्या विभागात क्रेन चालवतो. वय पन्नास. मिशीत राख. ड्युटी सुटली की डबा हातात तसाच माडीवर. पाच मिनिटांत एकतीस माणसं मारली त्यानं. चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला.
हसू आलं. परळीचा वेग म्हणजे हा माणूस?

१० ऑगस्ट, रविवार.
सकाळी पूजा आटोपून शांतपणे विचार केला. हा खेळ शेवटी बोटांचा. या तालुक्यात माझ्याइतकी बोटं कुणाची चालतात? मिनिटाला ऐंशी शब्द, डोळे मिटून. मी एकदाच बसेन, सगळ्यांना हरवीन आणि उठून येईन. लोकांना कळेल की कॉम्प्युटरचा माजसुद्धा टाइपरायटरपुढं उतरतो. ॲडमिशनी आपोआप वाढतील.
हा खेळ नाही. ही जाहिरात आहे.
रुद्राणीला सांगितलं. बायको म्हणून तिला माहीत असावं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, खडे मी काढते, तुमी गोळ्या घाला.

११ ऑगस्ट, सोमवार.
पहिला गेम. मारले शून्य. मेलो एकोणीस वेळा.
कारण: खुर्ची बुटकी.

१२ ऑगस्ट.
खुर्ची संस्थेतून नेली. मारले शून्य. मेलो बावीस.
कारण सापडलं. टायपिंगच्या बैठकीत डाव्या हाताची बोटं ए, एस, डी, एफ वर असतात. पहिलं बोट एफ वर. ही जगाची पद्धत आहे. पण या मूर्ख गेममध्ये एफ दाबलं की हातातली बंदूक खाली पडते. म्हणजे मी रोज बंदूक टाकून रिकाम्या हातानं पुढं जातो आणि समोरचा मारतो.
गंगासागर म्हणाली, सर, बोटं जरा वर सरकवा, डब्ल्यू वर ठेवा. मी स्पष्ट सांगितलं, चोवीस वर्षांची बैठक तुझ्या खेळासाठी मोडणार नाही. चूक खेळाची आहे.
ती मान हलवून पुढच्या गिऱ्हाइकाकडं गेली. दुसऱ्या खेपेला पास झालेली माणसं अशीच.

२० ऑगस्ट, बुधवार.
एक मारला! पाठीमागून, पण मारला. पॉलिटेक्निकचा सत्यम. तो म्हणे उठून पाणी प्यायला गेलता. मैदान सोडणाऱ्याचं काय ऐकायचं.

२५ ऑगस्ट, सोमवार.
संस्थेतही लक्ष द्यायला पाहिजे. नोव्हेंबरच्या सरकारी टायपिंग परीक्षेचे फॉर्म आले. सातही जणांचे भरून घेतले. १९ सप्टेंबरपर्यंत बीडला ऑफिसात हातानं नेऊन द्यायचे. बीड म्हणजे एसटीनं तीन तास. वेळ भरपूर.
सातांत सहा दगड. सातवी मंगल. आष्टीकडची, इथं मावशीजवळ राहते. आईबाप दर साली दसऱ्यानंतर ऊस तोडायला जातात. बापानं सांगितलंय म्हणे, परीक्षेला बसणार असशील तर राहा, न्हाईतर चल आमच्यासंगं फडात. आज तिची परीक्षा घेतली. पंचेचाळीस शब्द, चुका दोन, नजर एकदाही बोटांकडं नाही. माझ्याकडं इतक्या वर्षांत असा हात आला नव्हता.
तिला सांगितलं नाही. डोक्यात हवा जाते.

२ सप्टेंबर, मंगळवार.
गणपतीत गंगासागरनं बोर्ड लावला. २८ तारखेला डेथमॅच स्पर्धा. स्पीड मोड. म्हणजे सगळं दीडपट वेगानं. १९ ला निवड, त्यातून आठ जण. बक्षीस भिंतीवरचं घड्याळ.
घड्याळ गेलं खड्ड्यात. प्रश्न इज्जतीचा. धुळाजीनं सर्वांसमोर विचारलं, सर, तुमी बी नाव देताव का? आवाजात कुत्सितपणा होता. गंगासागर म्हणते नव्हता. तिला काय कळतं.
नाव दिलं.
संकल्प: रोज दोन तास सराव. क्लास सकाळच्यालाच. दुपारची बॅच स्वतः शिकेल. स्वावलंबन.

८ सप्टेंबर, सोमवार.
दुपारच्या बॅचच्या दोघांचे वडील आले. म्हणाले, सर दुपारी नसतात, पोरं नुसती बसतात. माडीवरून माझं नाव ओरडल्याचं ऐकू येतं म्हणे. 'टायपिंग सर मेले, टायपिंग सर मेले,' असं.
हा गंगासागरचा नवा उद्योग. स्पीकर लावलाय.
दोघांनी फॉर्म परत मागितले आणि स्टँडजवळच्या संस्थेत गेले. मी देऊन टाकले. असली पोरं मलाच नको होती.

११ सप्टेंबर.
आणखी चौघं गेली. आता एकच विद्यार्थिनी, पण सर्वोत्तम. गाळणी लागल्यासारखं झालं.
मंगलला विचारलं, तू नाही जाणार? म्हणाली, तुमी शिकिवलंय सर, तुमच्याकडूनच बसते. बरोबर आहे. पारख असलेलं माणूस.
आजचा स्कोअर: मारले तीन, मेलो सव्वीस. प्रगती.

१५ सप्टेंबर, सोमवार.
हातगोळा वापरायला शिकलो. फेकायचा, आणि पळायचं. पळायला वरचं डब्ल्यू लागतं, माझं बोट एफ वर. त्यामुळे गोळा फेकतो आणि तिथंच उभा राहतो. स्वतःच्या गोळ्यानं मेलं की आपलाच एक गुण कापतात. हा नियम अन्यायाचा आहे. माणूस आधीच मेलाय, त्याला आणखी दंड?
स्कोअर उणे चार.
रुद्राणीनं जेवताना विचारलं, तुमी तिथं मारायला जाताव का मरायला? मी म्हणालो, पोरखेळ समजू नको. ती म्हणाली, न्हाई समजत, पोरं तर जिंकतेत.

१८ सप्टेंबर, गुरुवार.
उद्या बीड. मंगलचा फॉर्म, फोटो, सह्या सगळं बॅगेत. सकाळी साडेसहाची एसटी.
पण निवड उद्याच अकराला. साडेबाराला संपेल. एकची एसटी धरली की चारला बीड. ऑफिस पाचपर्यंत. एक तास हातात उरतो. नियोजन हे असं असतं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ७.
निवडीत नववा आलो. म्हणजे बाहेर. पण एकानं माघार घेतली तर आत. म्हणून मी गंगासागरला म्हणालो, पुन्हा एक संधी दे, मशीन अडकत होतं. ती म्हणाली, सर, तुमाला बीडला जायचंय ना? मी म्हणालो, पाच मिनिटांचा गेम आहे, पाच मिनिटांनी एसटी सुटत नाही.
मंगल दारात आली. सर, एकची गाडी. मी हेडफोन न काढता म्हणालो, पाच मिनिटं. थोड्या वेळानं परत आली. म्हणाली, सर, मी जाऊ का फॉर्म घिऊन? मी म्हणालो, संस्थाचालकाची सही तिथं समोर लागते, तुला कोण विचारतंय, पाच मिनिटं थांब. फार घाई करते ही पोरगी. टायपिंगमध्येही तिचा हाच दोष, स्पेस बार लवकर मारते.
पाच पाच मिनिटं करत दीड वाजला. पुढची एसटी पावणेतीनची, ती बीडला सहाला पोचते.
काही बिघडलेलं नाही. लेट फी भरून २७ तारखेपर्यंत घेतात. तसं छापलेलंच आहे. उगाच सगळे तोंड पाडून बसले.
सत्यमचे कॉलेजचे पेपर निघाले, त्यानं माघार घेतली. मी स्पर्धेत! मेहनतीचं फळ.

२२ सप्टेंबर, सोमवार.
आज जाणार होतो. धुळाजीची सुट्टी निघाली, तो दिवसभर कॅफेत. त्याचा खेळ जवळून पाहायची ही एकच संधी.
पाहिला. काही विशेष नाही. हात हलतच नाहीत त्याचे. मी म्हणालो, धुळाजी, बोटांत जोर नाही तुमच्या. तो म्हणाला, सर, क्रेनवर हात हलिवला की खाली मानूस मरतो, म्हनून सवय लागली, आधी बगायचं मग हात लावायचा. अडाणी माणसाचं तत्त्वज्ञान.
मग म्हणाला, त्या पोरीचा फॉर्म गेला का? तुम्हाला काय करायचंय, असं विचारलं. म्हणाला, माजी बहीन बी गेलती फडात, म्हनून इचारलं.

२४ सप्टेंबर, बुधवार.
उद्या नक्की.

२५ सप्टेंबर, गुरुवार.
सराव. मारले पाच. आत्तापर्यंतचा उच्चांक. असा फॉर्म लागलेला असताना उठणं चूक ठरलं असतं. फॉर्म म्हणजे खेळातला.
मंगल क्लासला आली. टाइपरायटरपाशी बसली पण मशीनला हात लावला नाही. मी शिस्तीबद्दल बोललो. तिनं कागद घातला आणि एक पान टाइप केलं. बिनचूक. मग ते फाडून घेऊन गेली.

२७ सप्टेंबर, शनिवार. संध्याकाळी.
पहाटेची गाडी धरून बीडला गेलो. लोक म्हणतात मी जात नाही. गेलो ना?
ऑफिसला कुलूप. चौथा शनिवार.
अर्धा तास कडी वाजवली. बाजूच्या चहावाल्यानं सांगितलं, सायब, सोमवारी या. मी तारखेचा कागद दाखवला. मागच्या दारानं एक शिपाई झाडू घेऊन आला. म्हणाला, लेटचा गठ्ठा काल सांजच्याला बांधून पाठवला, आता काय उपेग न्हाई. मी म्हणालो, मी चोवीस वर्षं संस्था चालवतो. तो म्हणाला, मग तुमाला चौथा शनिवार ठाव असंल.
उर्मट माणूस. नाव विचारायला पाहिजे होतं.
परतीच्या गाडीत उभा होतो. एक फायदा: हाताची बोटं दांड्याला धरून घट्ट झाली. उद्या उपयोगी पडतील.
मंगलला अजून सांगितलं नाही. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मन शांत लागतं.

२८ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळी ५.
माडीवर पन्नासेक माणसं. रुद्राणीसुद्धा आली. बोलावलं नव्हतं.
स्पीड मोडमध्ये सगळं भिंगरीसारखं फिरतं. पहिल्या मिनिटात मी सहा वेळा मरून परत उठलो. दुसऱ्या मिनिटाला बंदूक पडली. मग मी ठरवलं, गोळेच फेकायचे. सहा गोळे फेकले. सहाही माझ्याच पायाशी फुटले. प्रत्येक वेळी स्पीकर ओरडायचा, टायपिंग सर मेले. लोक आधी हसत होते. नंतर हसायचे पण थांबले. ते जास्त वाईट.
एक मारला. धुळाजीला. तो चष्मा पुसत होता.
शेवटचा आकडा: धुळाजी अडतीस. मी उणे पाच.
धुळाजीनं घड्याळ घेतलं नाही. गंगासागरला म्हणाला, तुमच्याच भिंतीला ऱ्हाऊ द्या, पोरांना टाइम कळंल.
सगळे गेल्यावर गंगासागरनं मला थांबवलं. विचारलं, सर, फॉर्म? मी म्हणालो, चौथा शनिवार होता. ती खुर्चीत बसली. म्हणाली, सर, मी दुसऱ्या खेपेला पास झाले ना, पहिल्या खेपेला तुमी माजा फॉर्म स्वतः घिऊन औरंगाबादला गेलतात, लेट झालता म्हणून. आठवतंय का? मला आठवत नव्हतं. ती म्हणाली, मंगलला तुमच्या तोंडानं सांगा, मी न्हाई सांगणार.
रुद्राणी घरी येऊन तांदूळ निवडत बसली. ती बोलली असती तर उत्तर तयार होतं माझ्याकडं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार.
मंगल क्लासला येत नाही. मावशीच्या घरी गेलो. मावशी म्हणाली, दसऱ्यासाठी गावाकडं गेली, आता काय येत न्हाई. मी विचारलं, कावून? ती म्हणाली, तुमालाच ठाव सर.
तारीख वाढू शकते. दरवर्षी काही ना काही वाढतं. मी वाट पाहणार.

७ ऑक्टोबर, मंगळवार.
सोमवारी पुन्हा बीडला जाऊन आलो. तारीख वाढलेली नाही. या वेळी मोठ्या साहेबाला भेटलो. त्यानं खुर्ची दिली, चहा दिला आणि नाही म्हणाला. वाद घालायला जागाच ठेवली नाही.
कॅफेत गेलो नाही. सर्दी आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार. आष्टीहून परत येताना, एसटीत.
सकाळी निघालो. आष्टीला उतरून पुढं तीन मैल चालत. वस्तीवर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरायचं चाललं होतं. पत्रे, बांबू, चुलीची भांडी, टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या.
वाटेत सगळं ठरवलं होतं. सांगायचं, प्रवासात माझी बॅग चोरीला गेली, फॉर्म त्यात होता. कुणाची चूक नाही. दोनदा मनात म्हणूनही पाहिलं. नीट वाटलं.
मंगलची आई सारजाबाई मला ओळखत नव्हती. टायपिंगचे सर म्हटल्यावर तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पोतं अंथरलं. म्हणाली, लई लांबून आलाव सर, पोरीसाठी. मी बॅगेचं सांगितलं. ती ऐकत होती. मध्येच तिनं जिभेनं च्यक् केलं. म्हणाली, चोरांचं वाटोळं होवो, तुमाला लागलं बिगलं न्हाई ना?
तेवढ्यात मंगल पाण्याची घागर घेऊन आली. हातात कोयत्याची मूठ बांधायची सुतळी. तिनं मला पाहिलं. आई म्हणाली, अगं, सरांची बॅगच चोरीला गेली बग, त्यात गेला तुजा फॉर्म, आन् तू म्हणत व्हतीस—
ती मंगलकडं बघत राहिली.
मी खाली पाहत होतो. मंगल दोनदा दारात आली होती. तिनं स्वतः फॉर्म घेऊन जाते म्हटलं होतं. तिला सगळं माहीत होतं, आणि आईलाही तिनं सांगितलेलं असणार.
मंगल म्हणाली, व्हय आई, बॅगच गेली. मीच चुकीचं ऐकलं व्हतं.
मग तिनं मला पाणी दिलं. मी पुढच्या साली तुझा फॉर्म पहिल्याच दिवशी नेतो म्हणालो. ती म्हणाली, बरं सर. ट्रॉलीत सामान लावायला गेली. दोरीची गाठ एका झटक्यात मारत होती, बोटांकडं न बघता.
मला वाटलं ती वळून काहीतरी म्हणेल. बापानं हाक मारली, ती चाकावर पाय देऊन वर चढली. ट्रॉलीत ती माझ्याकडं पाठ करून बसली.
सारजाबाई सगळ्यात शेवटी चढली. चढायच्या आधी तिनं फडक्यात दोन भाकऱ्या आणि ठेचा बांधून माझ्या हातात दिला. म्हणाली, सर, परळी लांब हाय, उपाशी जाऊ नगा.
मी घेतल्या.